शोभेचे झाड त्यांचे, तांबेरा आमचा



नाशपतीचे झाड आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही. घरात कुणी आजारी पडले आणि पाहुणा फळे घेऊन आला, तर पिशवीतून एखादे नाशपती निघते, तेवढीच ओळख. कापूस, ज्वारी आणि तुरीत जन्म गेलेल्या माणसापुढे नाशपतीच्या रोगाचे पुराण कशाला, असे कुणी विचारील. जरूर विचारा. पण आधी हा लेख शेवटपर्यंत वाचा आणि मग सांगा, हा रोग एकट्या नाशपतीचा आहे की आपलाही.

रोगाचे नाव तांबेरा. नाव आपल्याला नवे नाही. ज्वारीच्या पानावर तांबूस, जांभळट फोड येतात, बोट फिरवले की विटेच्या चुरीसारखी भुकटी बोटाला लागते. गव्हावरचा तांबेरा तर आपल्या आज्या-पणज्यांनीही भोगला. ढगाळ हवा धरली, थंडी कमी झाली की म्हातारी माणसे म्हणत, आता गहू तांबड्यात जाणार. युरोपातल्या नाशपतीवर पडतो तोही तांबेराच, बुरशीच्याच कुळातला. पण त्याची चाल निराळी आहे आणि त्या चालीतच सगळी गोम आहे.

ज्वारीचा तांबेरा ज्वारीवरून ज्वारीवर उडतो. शास्त्रज्ञांनी त्याचे एक दुसरे घर दाखवून दिले आहे. ते म्हणजे आपल्या धुऱ्यावर, ओल्या जागी उगवणारी आंबुशी. पण त्या घराची त्याला फारशी गरज पडत नाही, ज्वारीवरच त्याचे भागते. नाशपतीच्या तांबेऱ्याचे तसे नाही. तो नाशपतीवरून शेजारच्या नाशपतीवर जाऊच शकत नाही. नाशपतीच्या पानातून निघालेले त्याचे बीज नाशपतीवर पडले तर वाया जाते. त्याला आधी जुनिपर नावाच्या झाडावर जावे लागते. हे सरूच्या नात्यातले, बाराही महिने हिरवे राहणारे झाड. तिथे तो फांदीत शिरतो, फांदी सुजते आणि तो मुक्कामाला राहतो. एक वर्ष नाही, वर्षानुवर्षे. वसंतात पाऊस झाला की त्या सुजेतून नारिंगी रंगाच्या लिबलिबीत शेंड्या बाहेर येतात, त्यांच्यातून बारीक बीज वाऱ्यावर सुटते आणि आसपासच्या नाशपतीच्या कोवळ्या पानांवर बसते. पानाच्या वरच्या बाजूला शेंदरी ठिपके पडतात. उन्हाळा सरता सरता त्याच पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी, बारीक कंदिलासारखे फोड लटकतात. त्यातले बीज परत जुनिपरकडे. नाशपतीचे पान गळले की नाशपतीवरचा रोग त्या वर्षापुरता संपला. जुनिपरवरचा संपत नाही.

म्हणजे हिशेब असा. रोगाचे बिऱ्हाड जुनिपरवर आणि रोगाची वसुली नाशपतीवर. ज्याच्या दारात जुनिपर आहे त्याचे फारसे काही बिघडत नाही, एखादी फांदी वाळते, पावसात दोन आठवडे झाड शेंदूर फासल्यासारखे दिसते. ज्याच्या वावरात नाशपती आहे त्याची पाने जातात, झाड दमते, जोराचा रोग असेल तर फळही सडके-कुबडे होते आणि दोन-चार वर्षे असेच चालले तर झाडाचा जोम जातो.

आता हे जुनिपर लावले कुणी? युरोपात रानातही जुनिपर आहे, पण तिथला साधा रानजुनिपर या रोगाला घर देत नाही. घर देतात ते साबिना जातीचे आणि चिनी जातीचे जुनिपर, त्यांचे कलमी, शोभेचे प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांच्या कडेने बंगल्यांच्या वस्त्या वाढल्या. कमी पाण्यात, कमी कष्टात बारा महिने हिरवे राहणारे झाड हवे, ही हौस वाढली. रोपवाटिकांनी ती हौस पुरवली. बंगल्यापुढे जुनिपर, बँकेपुढे जुनिपर, स्मशानात जुनिपर. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या मुलखांत गावाच्या कडेला कुरणात उभी असलेली जुनी, उंच नाशपतीची झाडे पिढ्यान्पिढ्या फळ देत आली. त्यांच्या भोवती ही नवी बिऱ्हाडे वसली. इंग्लंडात हा रोग पूर्वी क्वचित दिसे. गेल्या काही दशकांत तो तिथे नेहमीचा झाला.

मग तिथल्या नाशपतीवाल्याला सल्ला काय मिळतो? आपल्याला मिळतो तोच. फवारा. रोगट पाने वेचा. झाडाला खत द्या, जोम राखा. अहो, तीन पुरुष उंचीच्या झाडाची पाने वेचायची कशी आणि वेचून होणार काय? यंदाची पाने वेचली तरी पुढच्या वसंतात रोग येणार तो शेजारच्या बागेतल्या जुनिपरवरून, आपल्या पानावरून नव्हे. ज्याच्या घरात चोर राहतो त्याला कुणी विचारायचे नाही, ज्याच्या घरी चोरी होते त्याने रात्रभर जागायचे. फवाऱ्याचा खर्च त्याचा, मजुरीचा खर्च त्याचा, औषध नाकातोंडात जाते ते त्याच्या. बागेत खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला पत्ताही नाही की आपल्या हिरव्या झाडाने कोसभरावरच्या कुणाचे तरी घर तांबडे केले.

जपानात हे जरा वेगळ्या रीतीने हाताळले गेले. तिथली नाशपती वेगळी, गोल, सफरचंदासारखी, आणि तिच्यावरचा तांबेराही वेगळ्या जातीचा. पण घर त्याचेही जुनिपरच. शाळांच्या, कचेऱ्यांच्या, बंगल्यांच्या कुंपणाला तिथे चिनी जुनिपरचा एक पिळदार प्रकार लावायची फार हौस. पानावरचे ठिपके पाहून जपानी माणसाने या रोगाला लाल चांदणीचे नाव दिले. नाशपती पिकवणाऱ्या कित्येक नगरपालिकांनी या लाल चांदणीविरुद्ध स्थानिक नियम केले: बागांच्या टापूत अशी झाडे लावू नका. साधारण दीड-दोन किलोमीटरपर्यंत या रोगाचे बीज वाऱ्याने पोचते, हे तिथे शेतकऱ्याला आणि नगरपालिकेच्या कारकुनाला दोघांनाही ठाऊक आहे. सगळीकडे नियम पाळला जातो असे माझे म्हणणे नाही. पण निदान हा प्रश्न नाशपतीवाल्याच्या खासगी दुर्दैवाचा नाही, गावाचा आहे, एवढे तरी कबूल झाले.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण विद्वान कसे असतात हे तिच्यातून कळते.

गव्हा-राईच्या काळ्या तांबेऱ्यालाही युरोप-अमेरिकेत असेच दुसरे घर आहे, बारबेरी नावाचे काटेरी झुडूप. कुंपणाला लावायचे, फळांचा मुरंबा करायचा. हे झुडूप जवळ असले की गहू तांबड्यात जातो, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले होते. अमेरिकेतल्या कनेटिकट वसाहतीने १७२६ साली बारबेरी नष्ट करण्याचा कायदा केला तो शेतकऱ्यांच्या सांगण्यावरून. सूक्ष्मदर्शकातून काही दिसले होते म्हणून नव्हे. डेन्मार्कमध्ये हामेल नावाच्या गावी शोलर नावाचे एक शाळामास्तर होते. शेतकऱ्यांचे बोलणे त्यांनी कानाआड केले नाही. १८१६ साली त्यांनी बारबेरीची रोगट पाने नेऊन राईच्या ओल्या पानांवर घासली. काही दिवसांत नेमक्या त्याच रोपांवर तांबेरा. १८१८ साली त्यांनी ते छापले. मोठमोठ्या वनस्पतिशास्त्र्यांनी मानले का? नाही. एका झाडावरची बुरशी एक, दुसऱ्या झाडावरची दुसरी, दोघींची नावे वेगळी, मग त्या एकच कशा, असा त्यांचा सवाल. नाव कागदावर वेगळे लिहिले म्हणून शेतातली वस्तू वेगळी! पुढे १८६५ साली जर्मनीत डी बारी यांनी गव्हाच्या तांबेऱ्याचे आणि त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये ओर्स्टेड यांनी नाशपतीच्या तांबेऱ्याचे दोन घरांचे गौडबंगाल प्रयोगाने सिद्ध केले, तेव्हा विद्वानांनी मान डोलावली. मास्तरांच्या प्रयोगानंतर जवळजवळ पन्नास वर्षे! डेन्मार्कने बारबेरी नष्ट करण्याचा कायदा केला १९०३ साली. त्यानंतर तिथला काळा तांबेरा ओसरला. मधल्या काळात जे गहू आणि राई गेली ती कुणाच्या खात्यावर मांडायची?

आपल्याकडेही सिमल्याच्या डोंगरात १८९० च्या सुमारास बार्कले नावाच्या एका सरकारी डॉक्टराने रानटी नाशपती आणि तिथले डोंगरी सुरू यांच्यामधला असाच तांबेरा लिहून ठेवला आहे. डॉक्टर माणसाचा, छंद तांबेऱ्याचा. असे लोकही असतात.

आता मुद्द्यावर येतो. दुसऱ्या घराचे झाड दुसऱ्याच्या मालकीचे असेल, तर करायचे काय? झाड तोडा म्हणणे सोपे आहे. पण कुणाचे, कुणाच्या हुकमाने आणि कुणाच्या खर्चाने? या प्रश्नावर अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले. भांडण नाशपतीचे नव्हते, तिच्या थोरल्या बहिणीचे, सफरचंदाचे होते. तांबेरा मात्र त्याच कुळातला आणि चालही तीच.

व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोआ खोऱ्यात सफरचंदाच्या मोठमोठ्या बागा उभ्या राहिल्या. माल आगगाडीने आणि जहाजाने लांब जाई. पण त्या मुलखात लाल सीडर नावाचे झाड सगळीकडे. नावाने सीडर, जातीने जुनिपरच. कुंपणाच्या कडेने, पडीक जमिनीवर, पाखरांनी बी टाकले की उगवणारे. त्याच्यावर या तांबेऱ्याच्या तपकिरी गाठी धरतात, वसंताच्या पावसात त्या गाठींना नारिंगी शिंगे फुटतात आणि सफरचंदाची पाने ठिपक्यांनी भरतात. सीडरला त्याचे सोयरसुतक नाही.

१९१४ साली व्हर्जिनियाने कायदा केला. सफरचंदाच्या बागेपासून ठरावीक अंतरात उभे असलेले, रोगाचे घर होऊ शकणारे लाल सीडर म्हणजे सार्वजनिक उपद्रव. परगण्यातल्या दहा प्रतिष्ठित जमीनमालकांनी लेखी अर्ज केला की राज्याचा कीटकशास्त्रज्ञ येणार, पाहणी करणार आणि सीडरच्या मालकाला झाडे तोडण्याचा हुकूम देणार. मिलर नावाच्या जमीनमालकाला असा हुकूम आला. त्यांची झाडे शोभेची होती, घराभोवती उभी होती आणि संख्येने बरीच होती. ते कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने तोडणीच्या खर्चापोटी शंभर डॉलर मंजूर केले. तोडलेले लाकूड तुमचेच, ते वापरा, असेही सांगितले. पण उभ्या झाडांची किंमत? नाही. झाडे गेल्याने जमिनीची किंमत उतरली, तिची भरपाई? नाही.

फेब्रुवारी १९२८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निकाल कायम केला. न्यायमूर्ती स्टोन यांनी लिहिलेल्या या निकालात एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक शेतकऱ्याने गाठीला बांधून ठेवावी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोन मालमत्ता जवळजवळ आहेत आणि दोन्ही टिकू शकत नाहीत. अशा वेळी सरकारने कायदा केला तर एकीचा बळी जातो. कायदा न करता हात बांधून बसले तर दुसरीचा. म्हणजे हात बांधून बसणे हासुद्धा निवडच आहे.

शंभर टक्के खरे! आपण किती वर्षे हेच ओरडतो आहोत? सरकार म्हणते, आम्ही मधे पडत नाही, निसर्गाचा कोप आहे, बाजाराचा खेळ आहे. अरे, तुम्ही गप्प बसलात तेव्हाच तुम्ही कुणाची बाजू घेतली ते ठरले. युरोपातल्या ज्या गावात नाशपतीवाला एकटा फवारतो आहे, तिथे सरकारने जुनिपरवाल्याची बाजू घेतलेली आहे. फक्त कागदावर लिहिलेली नाही.

पण निकालाचा दुसरा अर्धा भाग मला पटत नाही. सफरचंदाच्या बागांत लाखोंची गुंतवणूक आहे, सीडरची किंमत त्या मानाने थोडी आहे, म्हणून सीडर जावे. ठीक. हिशेबाला हरकत नाही. पण सीडरची किंमत जर इतकी थोडी होती, तर ती देऊन का टाकली नाही? ज्यांचे लाखो वाचले त्यांना हजार जड झाले? थोडक्या किमतीचे झाड फुकट घेणे हा न्याय कसा, हे मला कुणी समजावून द्यावे. आणि हेही लक्षात घ्या, की सीडर हे त्या भूमीचे मूळचे झाड. सफरचंद गोऱ्यांनी समुद्रापलीकडून आणले. आधीचा कोण, मागून आलेला कोण? मागून आलेला श्रीमंत झाला, त्याच्या संघटनेचा आवाज विधानसभेत पोचला आणि आधीचा उपद्रव ठरला.

युरोपात उलटे. तिथे नाशपती आधीची, शोभेचे जुनिपर मागून आले आणि तरीही उपद्रव मानले जात नाही, कारण बंगलेवाल्याचा आवाज मोठा. म्हणजे आधी कोण, मागून कोण, किंमत कुणाची जास्त, हे सगळे कोर्टात सांगायचे मुद्दे. खरा मुद्दा एकच, कुणाचा दाब जास्त.

कुणी म्हणेल, रोग पाळणाऱ्याला भरपाई कसली? चोराला घर देणाऱ्याला बक्षीस द्यायचे का? माझे उत्तर असे. ज्याला ठाऊक होते आणि तरी ज्याने विकले, त्याला एक पैसा देऊ नका, उलट त्याच्याकडून घ्या. म्हणजे रोपवाटिका. रोगाला बळी पडणारा जुनिपर नाशपतीच्या मुलखात विकणाऱ्याने त्याचे माप पदरात घेतले पाहिजे. पण ज्याने दहा वर्षांपूर्वी भाबडेपणाने झाड लावले, त्याला झाडाची किंमत द्या, दुसरे झाड द्या आणि जुनिपर काढून घ्या. दरसालच्या फवाऱ्यापेक्षा ते स्वस्त पडेल. आणि मुख्य म्हणजे तो वैरी होणार नाही.

भरपाईवर एवढा भर का देतो, त्याचे कारण आपल्याच देशात आहे. आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी उभे आयुष्य गव्हाच्या तांबेऱ्यात घातले. त्यांनी दाखवले की आपल्याकडे बारबेरीचा काही दोष नाही. मैदानातला उन्हाळा इतका कडक, की तांबेऱ्याचे बीज त्यात मरते. मग दरसाल तो येतो कुठून? डोंगरातून. उत्तरेत हिमालय, दक्षिणेत निलगिरी आणि पळणीचे डोंगर. तिथे थंड हवेत मोसमाबाहेरच्या गव्हावर आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर तो टिकतो आणि वाऱ्यावर बसून खाली येतो. आपल्या दख्खनच्या गव्हावर येणारा काळा तांबेरा असा निलगिरीकडून येतो. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे सारे आहे. उपाय म्हणून डोंगरातला मोसमाबाहेरचा गहू थांबवावा, आपोआप उगवलेली रोपे काढून टाकावीत, असे त्यांनी सुचवले.

बघा आता, चित्र कसे फिरले! इथे रोगाचे दुसरे घर बंगलेवाल्याच्या बागेत नाही. ते निलगिरीतल्या एखाद्या गरीब शेतकऱ्याच्या दोन बिघे वावरात आहे. त्याचा गहू थांबला तर महाराष्ट्रातला, कर्नाटकातला, मध्य प्रदेशातला गहू वाचेल. मेहतांचे शास्त्र खरे आहे. पण त्या डोंगरातल्या बाईने चुलीवर काय शिजवायचे, याचे उत्तर शास्त्रात नाही. तिथे पोलीस पाठवून गहू उपटायचा, की तिला दुसऱ्या पिकाचे बी आणि बुडालेल्या गव्हाचे दाम द्यायचे? आपण शेतकरी म्हणून इथे काय बोलणार? व्हर्जिनियाचा न्याय आपल्याला मान्य असेल तर तिचा गहू फुकट उपटला पाहिजे. आणि तो मान्य असेल तर मग उद्या आपली पऱ्हाटी फुकट उपटली तर तक्रार करायची नाही.

कारण आपली पऱ्हाटी उपटण्याची पाळी आलेलीच आहे. व्हर्जिनियाने सीडरचा कायदा केला त्याच १९१४ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात किडी-रोगांचा कायदा केला आणि १९४७ साली मुंबई इलाख्याने शेतीवरच्या किडी-रोगांचा आपला वेगळा कायदा केला. साथीच्या भागात शेतकऱ्याने काय करायचे, काय काढून टाकायचे हे फर्मावण्याची ताकद सरकारपाशी तेव्हापासून आहे. आणि गुलाबी बोंडअळी काही तांबेरा नाही, ती कीड आहे. पण तिची चाल याच तऱ्हेची. डिसेंबरनंतर शेतात ठेवलेली फरदड, उभी पऱ्हाटी, बोंडातली सरकी यांत ती बसून राहते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या पहिल्या पात्यावर येते. २०१७ साली तिने विदर्भ-मराठवाड्यात काय केले, ते सांगायला नको. त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये मदत जाहीर झाली: ६,८०० आपत्ती निधीतून, ८,००० पीकविम्यातून, १६,००० बियाणे कंपन्यांकडून. यातले कुणाच्या पासबुकात किती उतरले, ते ज्याने त्याने आपले पासबुक काढून पाहावे.

तेव्हापासून दरसाल आपल्याला सांगितले जाते, फरदड घेऊ नका. आमच्या गावातही एक साहेब गाडीतून आले आणि अर्ध्या तासात सांगून गेले. मी त्यांना विरोध केला नाही, कारण सांगणे खरे आहे. मी माझी फरदड ठेवली तर शेजाऱ्याच्या कपाशीचा जुनिपर मीच झालो. हे कबूल केल्याशिवाय आपल्याला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. पण मी साहेबांना दोन गोष्टी विचारल्या. पहिली: जानेवारीत एखादे पाणी मिळाले तर फरदडीतून दोन वेचे निघतात, वरखर्च काही नाही, त्यावर घरची उधारी फिटते. शेजाऱ्याच्या आणि सगळ्या तालुक्याच्या भल्यासाठी मी ते सोडतो. त्याचे मोल कोण देणार? दुसरी: तालुक्याच्या जिनिंगच्या आवारात उन्हाळाभर कापसाचे आणि सरकीचे ढीग उघडे पडून असतात. त्यात अळी नाही का? कामगंध सापळे लावा, उरलेली सरकी नष्ट करा, असे जिनिंगवाल्यांनाही सांगितलेले आहे. त्यांच्याकडे गाडी जाते का?

साहेब म्हणाले, तो विषय आमच्याकडे नाही.

हाच तो जुनिपर! विषय कुणाकडेच नसतो. लांब मुदतीचे वाण विकून बोंडअळीला जास्त महिने जेवण घालणाऱ्या कंपनीचा विषय नाही, जिनिंगचा विषय नाही. विषय फक्त ज्याच्या अंगावर रोग येतो त्याचा. नाशपतीवाल्याने फवारावे, कापूसवाल्याने उपटावे.

जिल्हा बैठकीत हा विषय घ्यायचा आहे. माझी मांडणी अशी राहील: फरदड सोडण्याचा नियम आपण स्वतः गावागावांत पाळू, सगळ्या गावाने एका आठवड्यात पऱ्हाट्या काढू, कारण एकट्याने काढून उपयोग नाही. पण सोडलेल्या वेच्याचे दाम मागू आणि तोच नियम, त्याच तारखेपासून, जिनिंगच्या आवाराला लावून घेऊ. काही मंडळींना हे पटणार नाही. भरपाई मिळाल्याशिवाय पऱ्हाटी उपटूच नये, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी बैठकीत उभे राहून बोलावे, मी ऐकून घेईन. फक्त त्यांच्या शेजाऱ्यालाही सोबत घेऊन यावे.

बैठकीला येताना प्रत्येकाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या वावरापासून सर्वांत जवळची जिनिंग किती अंतरावर आहे. मागच्या मार्च-एप्रिलमध्ये तिच्या आवारात कापूस किंवा सरकी उघडी पडून होती का, आणि सापळे लावलेले दिसले का. तिसरी, गेल्या साली गावात फरदड किती जणांनी ठेवली. तिसऱ्या आकड्यात आपले स्वतःचे नाव येत असेल तर तेही धरावे.